ओतीव सुट्या भागांची दरपत्रके : तुलना कशी करावी?

शहापूर व मुरबाड तालुक्यांत भाताची कापणी हळव्या वाणांपासून सुरू होते आणि गरव्या वाणांवर येऊन थांबते. या अवघ्या काही आठवड्यांत कापणी, भारे बांधणे, खळ्यावर वाहतूक आणि झोडणी ही सर्व कामे उरकावी लागतात. मजुरांची चणचण असते, आणि अलीकडे कापणीच्या ऐन मोसमात अवकाळी पावसाची धास्तीही कायम असते. अशा वेळी झोडणी यंत्राचे एक दातेरी चाक मोडले तर सारे यंत्र उभे राहते. भारे खळ्यावर, आभाळ भरून आलेले आणि दुरुस्तीसाठी लागणारा भाग बाजारात कोठेच मिळत नाही, हा अनुभव या भागातील पुष्कळ शेतकऱ्यांना नवा नाही.

पायाने चालवावयाचे भात झोडणी यंत्र मूळचे जपानी. १९५३ साली आपल्या देशात जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम सुरू झाली, त्या काळापासून जपानी धर्तीच्या लहान अवजारांचा परिचय आपल्याकडे वाढत गेला. आज मळणीसाठी विजेची व ट्रॅक्टरची यंत्रे आली आहेत. तथापि डोंगरउताराच्या लहान खाचरांत आणि जेथे मोठे यंत्र पोहोचत नाही अशा पाड्यांवर पायाचे यंत्र अद्यापि उपयोगी पडते. त्याची रचना सोपी आहे. पायटा दाबला की मोठे दातेरी चाक फिरते, ते ढोलाच्या कण्यावरील लहान दातेरी चाकास फिरविते आणि तारांचे आकडे बसविलेला ढोल वेगाने फिरू लागतो. ही दोन चाके बहुधा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असतात. बीड दाबाखाली टिकते, पण धक्क्याने तडकते. मोडलेला दात साध्या वेल्डिंगने जोडला तर बहुधा जोडाच्या शेजारीच पुन्हा तडा जातो. सबब नवीन चाक ओतून घेण्याखेरीज मार्ग उरत नाही.

एकट्या शेतकऱ्याने एक चाक ओतून घेणे परवडत नाही. गावातील गट, सहकारी संस्था अथवा अवजार बँक यांनी एकत्र मागणी केली म्हणजे खर्च वाटला जातो. मग रीतीप्रमाणे तीन ठिकाणांहून दरपत्रके मागविली जातात आणि पंचमंडळी सभेत बसून ती पाहतात. येथेच घोटाळा होतो. एकाने किलोचा दर दिलेला असतो, दुसऱ्याने नगाचा, तिसऱ्याने ‘नमुन्याप्रमाणे करून देऊ’ इतकेच लिहून एक आकडा टाकलेला असतो. मंडळींची नजर सर्वांत लहान आकड्यावर जाते व तो मंजूर होतो. या लेखात अशी दरपत्रके एका मापाने कशी मोजावीत, हे एका उदाहरणाने सांगण्याचा हेतू आहे. झोडणी यंत्राच्या चाकाऐवजी पंपाचा पंखा असो, भातगिरणीचा रोळ असो किंवा एखादी कप्पी असो, विचाराची रीत तीच राहते.

तत्पूर्वी एक गोष्ट. जो भाग कल्याण, भिवंडी किंवा नाशिकच्या बाजारात तयार मिळतो तो ओतून घेण्याच्या भानगडीत पडू नये. कारखान्याने हजारांच्या संख्येने केलेला भाग पन्नास नगांच्या कामापेक्षा स्वस्त पडणारच. ओतून घेण्याची वेळ येते ती यंत्र बनविणारा कारखाना बंद पडला असेल, किंवा त्याने नमुना बदलला असेल तेव्हा.

ओतकाम कोठे होते

वाशिंद येथे पोलादी पत्र्याचा मोठा कारखाना आहे. त्यामुळे ‘आपल्या दारातच लोखंडाचा कारखाना असता बाहेर कशाला जावयाचे?’ असा प्रश्न गावसभेत हमखास निघतो. प्रश्न साहजिक आहे, पण त्या कारखान्याचे काम निराळे. तेथे पोलादाच्या पत्र्यावर प्रक्रिया करून त्यावर जस्तासारखा थर चढविला जातो. चाके ओतण्यासाठी बीड वितळविणारी भट्टी, रेतीचे साचे आणि साचे भरणारे कारागीर लागतात. अशा जागेस ओतशाळा किंवा नेहमीच्या बोलण्यात फाउंड्री म्हणतात.

महाराष्ट्रात ओतकामाचा शेतीशी संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि गिऱ्हाईक मिळणे कठीण गेले. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली. लोखंडी नांगराबरोबर शेतकऱ्याच्या घरात एक नवी कल्पना आली : झिजलेला फाळ काढून तसाच दुसरा बसविता येतो. लाकडी नांगर गावच्या सुताराने हातच्या अंदाजाने घडविलेला असे. एकाचा भाग दुसऱ्यास लागेलच असे नव्हते. लोखंडी नांगराचा फाळ मात्र मापाचा असावा लागतो. आज कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती, तसेच बेळगावचे उद्यमबाग ही ओतकामासाठी प्रसिद्ध ठिकाणे आहेत. ठाणे जिल्ह्यातही अंबरनाथ, डोंबिवली, मुरबाड इत्यादी औद्योगिक वसाहतींतून चौकशी करता येते. एक दरपत्रक जवळचे आणि एक अशा प्रसिद्ध ठिकाणचे घ्यावे, म्हणजे दराचा अदमास येतो.

आधी विचारणा एकसारखी हवी

दरपत्रके वेगवेगळी येतात याचा दोष पुष्कळदा ओतशाळेचा नसून विचारणाऱ्याचा असतो. एका ठिकाणी फोनवर विचारले, दुसऱ्या ठिकाणी मोडके चाक दाखविले आणि तिसऱ्या ठिकाणी मोबाइलवर छायाचित्र पाठविले, तर तिघांनी तीन निरनिराळ्या वस्तूंचे दर दिले असे समजावे. त्या दरांची तुलना करणे म्हणजे कोलमच्या भावाशी जाड्या भाताचा भाव ताडून पाहण्यासारखे होय.

यासाठी विचारणापत्र एकच लिहावे आणि तेच सर्वांस पाठवावे. त्यासोबत हाताने का होईना, पण मापांसह काढलेला आराखडा जोडावा. झिजलेल्या भागाची मापे घेताना एक धोरण ठेवावे : जे झिजत नाही ते आधी मोजावे. दात झिजतात, परंतु दातांची संख्या झिजत नाही. तसेच दोन कण्यांच्या मध्यांतील अंतर यंत्राच्या सांगाड्याने ठरविलेले असते. धारव्यात फार खेळ आलेला नसेल तर ते जवळजवळ कायम राहते. समजा, मोठ्या चाकास ६४ दाते आहेत, लहानास १६ आणि कण्यांच्या मध्यांतील अंतर १६० मिलिमीटर भरले. अंतराची दुप्पट ३२०, दातांची बेरीज ८०. भागाकार ४ येतो. यास कारागीर मॉड्यूल म्हणतात आणि या एका आकड्यावरून दाताचे माप ठरते. सरळ दातांच्या साध्या चाकात दातांच्या संख्येत २ मिळवून मॉड्यूलने गुणले की चाकाचा बाहेरचा व्यास मिळतो. येथे ६६ गुणिले ४, म्हणजे २६४ मिलिमीटर. जुने चाक मोजले आणि ते २६१ भरले, तर तीन मिलिमीटर झीज झाली आहे हे कळते. भागाकार चार किंवा पाचसारखा सुबक न येता मधलाच काही आला तर माप पुन्हा घ्यावे, अथवा एखाद्या जाणत्या लेथवाल्यास दाखवावे. मूळ यंत्र इंची मापाचेही असू शकते.

याशिवाय कण्यासाठीच्या भोकाचा व्यास, चावीच्या खाचेची रुंदी व खोली, चाकाची जाडी आणि मधल्या तुंब्याची लांबी ही मापे द्यावीत. कोणते पृष्ठभाग लेथवर साफ करून हवेत आणि कोणते ओतीव तसेच चालतील हेही लिहावे. चाकाच्या आऱ्या खडबडीत राहिल्या तरी भात झोडण्यास अडचण येत नाही. तेवढा खर्च वाचतो.

आता धातूविषयी. ‘बीड’ एवढाच शब्द लिहिणे पुरेसे नाही. नेहमीच्या करड्या बिडासाठी भारतीय मानक २१० आहे आणि त्यात एफजी २००, एफजी २६० असे दर्जे आहेत. यातील आकडा म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण सहन झाला पाहिजे, ही किमान मर्यादा होय. पायाच्या यंत्राच्या चाकास माझ्या मते एफजी २०० दर्जा बहुधा पुरतो. धक्का जास्त बसत असेल आणि दात वारंवार मोडत असतील, तर भारतीय मानक १८६५ मधील चिवट बिडाचा, ज्यास कारखानदार एसजी आयर्न म्हणतात, वेगळा दर त्याच पत्रात मागावा. तो महाग असतो, पण धक्क्याने सहजी तडकत नाही.

दर्जा लिहिण्याचे महत्त्व एका उदाहरणाने ध्यानात येईल. भातगिरणीतील जुन्या पद्धतीच्या हलरचा रोळ बिडाचाच असतो, पण त्याचा पृष्ठभाग मुद्दाम जलद थंड करून काचेसारखा कठीण केलेला असतो, नाहीतर भाताच्या तुसाने तो लवकर झिजेल. दातेरी चाकाचे उलट आहे. ते जर असे कठीण झाले तर लेथवर भोकच पाडता येणार नाही आणि दात ठिसूळ होतील. दोन्ही वस्तूंच्या दरपत्रकांत शब्द मात्र एकच : बीड. नदीवरच्या पंपाच्या पंख्याची गोष्ट आणखी वेगळी. तो बिडाचा हवा की गनमेटलचा, हे आधी ठरवावे. गनमेटलमध्ये प्रामुख्याने तांबे असल्याने त्याचा दर बिडाच्या कित्येक पट असतो. असे दोन दर समोरासमोर ठेवून ‘हा महाग, तो स्वस्त’ म्हणण्यात अर्थ नाही.

जुने चाकच साच्यात घातले तर?

ओतकामात रेतीत पोकळी तयार करण्यासाठी एक नमुना लागतो. त्यास पॅटर्न म्हणतात. तो लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. तो करण्यास कसबी सुतार लागतो आणि थोड्या नगांच्या कामात पॅटर्नचा खर्च हाच मोठा खर्च ठरतो. म्हणून काही ठिकाणी ‘पॅटर्न नको, जुने चाकच साच्यात दाबून ओतून देतो’ असे सांगतात आणि दर एकदम खाली येतो.

येथे सावध राहावे. वितळलेले बीड थंड होताना आकसते, लांबीला साधारणपणे शंभरात एक भाग. म्हणून पॅटर्न करणारा सुतार नेहमीची पट्टी वापरीत नाही; त्याच्याजवळ आकसाचे प्रमाण धरून आखलेली वेगळी पट्टी असते आणि तो नमुना तेवढा मोठा करतो. जुने चाक जसेच्या तसे साच्यात घातले तर २६४ मिलिमीटरचे नवे चाक सुमारे २६१ मिलिमीटरच भरेल. त्यात जुन्या चाकाची झीजही उतरेल, मोडका दात मोडकाच उतरेल. दाताची पूर्ण उंची जेमतेम ९ मिलिमीटर. त्रिज्येत सव्वा मिलिमीटरची तूट आणि वर झीज, इतका फरक झाला की दात सैल बसतात, यंत्र खडखडते आणि नवे चाक थोड्याच दिवसांत जुन्यासारखे होते. पोलादाचा आकस तर याच्या जवळजवळ दुप्पट असतो.

तथापि ही रीत सर्वस्वी टाकाऊ आहे असे नव्हे. एखादे वजन, जाळीचा तुकडा, पायट्याचा आधार, असा ढोबळ भाग जुन्या नगावरून खुशाल ओतावा. मापात बसणाऱ्या भागासाठी मात्र पॅटर्न करून घ्यावाच.

तीन दरपत्रकांचे गणित

आता समजा, वाशिंद परिसरातील एका गटास वर सांगितलेली ५० मोठी चाके हवी आहेत. ओतीव नगाचे वजन साडेचार किलो धरू. खालील सर्व आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून कल्पिलेले आहेत. ते बाजारभाव समजू नयेत. कर सर्वांतून वगळला आहे.

पहिले दरपत्रक लांबच्या ओतशाळेचे. दर किलोस ११० रुपये, पॅटर्न १५,००० रुपये, माल ओतशाळेच्या दारात. दुसरे जिल्ह्यातील एका कारखान्याचे : भोक व खाच करून तयार चाक नगास ८२० रुपये, पॅटर्न ९,००० रुपये, माल वाशिंद येथे पोहोच, खराब नग बदलून मिळेल. तिसरे जवळच्या एका लहान ओतशाळेचे : जुन्या चाकावरून, किलोस ९५ रुपये, पॅटर्नचा खर्च नाही.

सभेत ही तीन पत्रे वाचली तर ११०, ८२० आणि ९५ हे तीन आकडे ऐकू येतील आणि ८२० ऐकताच मंडळी दचकतील. म्हणून प्रत्येकाचा खर्च यंत्रावर बसवावयास तयार अशा एका चाकापर्यंत आणावा.

पहिल्याचे एका चाकाचे ओतकाम ४९५ रुपये, पन्नासांचे २४,७५० रुपये. पॅटर्न १५,०००. लेथचे काम आपणांसच करून घ्यावे लागेल. ते नगास १६० रुपयांप्रमाणे ८,०००. माल आधी भिवंडीच्या गोदामात आणि तेथून टेम्पोने वाशिंदला, असे भाडे ४,०००. एकूण ५१,७५० रुपये, म्हणजे नगास १,०३५. परंतु लेथवर चढविल्यावर काही नगांच्या पोटात पोकळी निघते. शंभरात दहा नग असे निघाले आणि बदलून देण्याचे कलम पत्रात नसले, तर हाती ४५ चाके राहतात व नगाचा खर्च १,१५० रुपयांवर जातो.

दुसऱ्याचे ४१,००० आणि पॅटर्नचे ९,००० मिळून ५०,००० रुपये. पन्नासही चाके चालणारी. नगास १,००० रुपये. दचकविणारा आकडा या दोहोंत कमी निघाला.

तिसऱ्याचे ओतकाम २१,३७५, लेथचे ८,००० आणि जवळचे भाडे १,५००. एकूण ३०,८७५ रुपये. नगास सुमारे ६१८ रुपये पडतात व हे सर्वांत स्वस्त दिसते. पण वर सांगितलेल्या कारणाने ही चाके जोडीच्या चाकात नीट बसणार नाहीत. न बसणाऱ्या चाकाचा दर कितीही कमी असला तरी त्याची तुलना पहिल्या दोघांशी करता येत नाही. म्हणून हे पत्र बाजूस न टाकता त्या ओतशाळेस पुन्हा लिहावे : पॅटर्न करून घेतल्यास आपला दर काय राहील? जवळची ओतशाळा, भाडे कमी, वेळ पडल्यास दुचाकीवरून जाऊन येता येते. कदाचित तीच शेवटी सोयीची ठरेल.

येथवर हिशेब सरळ आहे. पण दुसऱ्या वर्षी पुन्हा ५० चाके लागली तर काय होईल? पॅटर्न तयार असल्याने त्याचा खर्च नाही. पहिल्याचा एकूण खर्च ३६,७५० रुपये; ४५ चालणाऱ्या चाकांवर वाटला तर नगास सुमारे ८१७. दुसऱ्याचा ८२०. म्हणजे दोघे समान झाले! आणि पहिल्या ओतशाळेने ‘खराब नग बदलून देऊ’ एवढे एक वाक्य लिहून दिले, तर बदली नगांच्या लेथकामाचे ८०० रुपये वाढवूनही खर्च ३७,५५० होतो आणि ५० चाकांवर नगास ७५१ पडतात. आता पहिला स्वस्त ठरला. एका वाक्याची किंमत नगामागे ६६ रुपये. दरात घासाघीस करून प्रत्येक किलोमागे पाच रुपये उतरविले असते, तर नगामागे साडेबावीस रुपयेच वाचले असते. मंडळी घासाघीस दराची करतात, अटींची करीत नाहीत. माझ्या मते अटींची करणे अधिक फायद्याचे.

किती वर्षे, किती नग लागणार हे गटाने आपसांत आधी ठरवावे, ते याचसाठी. एकदाच काम करावयाचे असेल तर पॅटर्नचा खर्च कमी असलेला परवडतो. दरवर्षी लागणार असेल तर नगाचा दर कमी असलेला.

पत्रात न लिहिलेल्या गोष्टी

पॅटर्नचे पैसे आपण दिले म्हणजे पॅटर्न आपला झाला, असे आपण समजतो. ओतशाळेची समजूत तशीच असेल असे नाही. काही ठिकाणी ते पैसे वापराचे धरतात आणि पॅटर्न बाहेर नेऊ देत नाहीत. मग पुढील वर्षी दर वाढला तरी तेथेच जावे लागते. यास्तव ‘पॅटर्न गटाच्या मालकीचा राहील व मागताच परत मिळेल’ हे दरपत्रकातच लिहून घ्यावे. दुसऱ्याने पॅटर्न ९,००० रुपयांत का देऊ केला, याचे कारणही कधी कधी येथेच सापडते.

किलोच्या दरात वजन वाढण्याची सोय असते. साचा ढिला भरला, दोन अर्धे थोडे सरकले, आऱ्या जाड आल्या, की साडेचार किलोचे चाक पाच किलो होते. ११० रुपये दराने नगामागे ५५ आणि पन्नास नगांमागे २,७५० रुपये त्या नको असलेल्या बिडाचे जातात. म्हणून किलोच्या दरासोबत ‘नगाचे वजन इतके, त्याहून अमुक टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास जादा वजनाचे पैसे मिळणार नाहीत’ असे कलम घालावे. वजनाचा अदमास घरी घेता येतो. बादली काठोकाठ भरून त्यात चाक बुडवावे आणि सांडलेले पाणी मोजावे. एक लिटर पाण्याच्या जागी सुमारे ७.२ किलो बीड बसते. ६२५ मिलिलिटर पाणी सांडले तर चाक साडेचार किलोचे. पण मोडके चाक तर तराजूवरही तोलता येते, मग बादली कशाला? ती पॅटर्नसाठी. लाकडी पॅटर्न पाण्यात थोडा वेळ दाबून धरला, तर ओतण्यापूर्वीच नगाच्या वजनाचा अंदाज येतो. आकसासाठी वाढविलेले माप आणि भोकाच्या जागी लावलेली टोके यांमुळे तो थोडा जास्त येईल, एवढे लक्षात ठेवावे. पॅटर्नला रंग किंवा रोगण दिलेले असेल तरच तो बुडवावा.

कराविषयी एवढेच : दर करासह आहे की कराविना, हे प्रत्येकास विचारावे. १८ टक्के कर धरला तर करासह १,१८० आणि कराविना १,००० हे दोन्ही दर एकच होत. गटाची कराची नोंदणी नसेल तर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून शेवटचा विचार करासह रकमेचाच करावा. पक्के बिल मिळणार नसेल, तर ते दरपत्रक सभेपुढे ठेवूच नये. अनुदानाच्या कामात तर ते चालतच नाही.

आगाऊ रक्कम मागणे गैर नाही. लहान ओतशाळेस कच्चा माल घेण्यास पैसे लागतात. परंतु सारी रक्कम एकदम देऊ नये. पॅटर्न तयार झाल्यावर त्याचे पैसे, नमुन्याचा नग यंत्रावर बसल्यावर काही भाग आणि बाकीचे माल तपासून घेतल्यावर, अशी वाटणी दोघांसही न्याय्य होते.

नमुन्याचा नग

पन्नास चाके एकदम ओतू देऊ नयेत. आधी एक किंवा दोन ओतून घ्यावीत. ती लेथवर करून प्रत्यक्ष यंत्रावर चढवावीत आणि चांगला अर्धा तास यंत्र चालवून पाहावे. दात कोठे घासतात हे कळण्यासाठी त्यांना थोडी काजळी लावावी; फिरविल्यानंतर जेथे चकाकी येते तेथे दात लागतात. चकाकी दाताच्या मध्यावर, रुंदीभर आली तर काम ठीक. फक्त टोकावर आली तर चाक लहान आहे किंवा कणा तिरपा बसला आहे.

माल आल्यावर गावातच करता येण्यासारखी तपासणी पुष्कळ आहे. चाक दोरीला टांगून हलक्या हातोडीने वाजवावे. ज्यात तडा आहे त्याचा आवाज इतरांपेक्षा फुटका येतो. कडेवर कानस चालवावी. कानस बसत नसेल, नुसती घसरत असेल, तर बीड नको तितके कठीण झाले आहे. दाताच्या मुळाशी रेतीची भोके आहेत का, हे उन्हात धरून पाहावे. आऱ्यावरचे बारीक भोक चालेल, दाताच्या मुळाशी असलेले चालणार नाही. भोके पुटी भरून वर रंग दिलेला नग येऊ नये, म्हणून माल रंग न देता पाठविण्यास सांगावे. मोठे काम असेल तर कठिणतेची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी; एफजी २०० दर्जाच्या बिडाची ब्रिनेल कठिणता साधारण १६० ते २२० असते.

या सर्वांस वेळ लागतो, म्हणून दरपत्रकातील मुदतीचे कलम दराइतकेच बारकाईने वाचावे. हळव्या भाताची झोडणी धरली तर चाके सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गावात हवीत. त्याआधी लेथकाम, त्याआधी ओतकाम, त्याआधी नमुन्याची चाचणी आणि त्याआधी पॅटर्न, असे मागे मोजत गेले की विचारणापत्र वैशाखात, लग्नसराईच्या गडबडीतच, पाठवावे लागते. जुलैमध्ये सारे गाव लावणीच्या चिखलात असते. तेव्हा नमुन्याचे चाक चढवून पाहण्यास कोणास सवड नसते. दिवाळीस ओतशाळा काही दिवस बंद राहतात आणि नेमकी त्याच सुमारास गरव्या भाताची कापणी येते, हेही ध्यानात घ्यावे. मुदत चुकल्यास दर आठवड्यास किती रक्कम कापली जाईल, हे लिहून घेण्यास संकोच करू नये. आणि जो ओतशाळेवाला अशा कलमावर विचार करून ‘तीन आठवडे नाही, पाच लागतील’ असे स्पष्ट सांगतो, त्याचे दरपत्रक थोडे महाग असले तरी मी वर ठेवीन.

काम पुरे झाल्यावर पॅटर्न परत आणावा. त्यावर यंत्राचे नाव, दातांची संख्या आणि वर्ष तेलरंगाने लिहावे. आपल्या भागातील दमट हवेत लाकूड फुगते आणि वाळवीही लागते. म्हणून तो जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता, प्लास्टिकमध्ये न गुंडाळता, कोरड्या खोलीत आढ्याला टांगावा. आराखडा व तिन्ही दरपत्रके अवजार बँकेच्या फायलीत लावावीत. पुढील वर्षी विचारणापत्र लिहिणाऱ्यास ती लागतील.